शिस्त नव्हती, की काम माझं नव्हतं?

रविवारी संध्याकाळ झाली की माझ्या पोटात गोळा यायचा. सोमवारी कुणी रागावणार नसायचं, काही विशेष बिघडलेलंही नसायचं. तरी फोनची रिंग ऐकली की छातीत धस्स व्हायचं, मग तो फोन मैत्रिणीचा का असेना.

सात वर्षं मी एका सॉफ्टवेअर कंपनीत क्लायंट को-ऑर्डिनेशनचं काम केलं. ग्राहकाला काय हवंय ते ऐकून घ्यायचं, आतल्या टीमपर्यंत पोचवायचं, त्यांच्याकडून तारीख घ्यायची, आणि ती तारीख पुढे गेली की ग्राहकाची समजूत काढायची. हे एका वेळी पाच-सहा ग्राहकांबरोबर चालायचं. काम मला जमत होतं. हे मुद्दाम सांगतेय, कारण पुढचा सगळा गुंता त्यातूनच झाला. मी चिडत नसे, कुणाचा फोन टाळत नसे, एकाचं बोलणं दुसऱ्याकडे नेत नसे. त्यामुळे बढती मिळाली, ग्राहक वाढले. जे काम जमतं ते आपलंच असणार, असं माझ्यासकट सगळ्यांनी धरून चाललं होतं.

मग संध्याकाळी घरी आल्यावर अर्धा-अर्धा तास भिंतीकडे बघत का बसावंसं वाटतं? सुट्टीचा दिवस नुसता पडून का जातो? यावर माझ्याकडे एकच उत्तर असायचं : मला शिस्त नाही.

त्यामुळे शिस्त लावून घेण्याचे प्रयत्न व्हायचे. पहाटे पाचला उठणं, व्यायाम, वाचन, इनबॉक्स रिकामा करूनच झोपणं, दिवसाचे अर्ध्या-अर्ध्या तासाचे आखलेले चौकोन. पहिले चार दिवस छान जायचे. आठव्या-नवव्या दिवशी एखाद्या ग्राहकाचं काम रात्री उशिरापर्यंत चालायचं, दुसऱ्या दिवशी पहाट हुकायची, आणि एक चौकोन हुकला की सगळी पाटीच पुसली जायची. पुढचे तीन आठवडे मी त्या वहीला हात लावत नसे. वर्षातून दोन-तीनदा हे व्हायचं. दर वेळी नवं वेळापत्रक आधीच्यापेक्षा कडक असायचं, कारण मागचं मोडलं ते आपण ढिले पडलो म्हणून, अशी माझी पक्की समजूत होती.

एका दुपारी एका ग्राहकाचा फोन आला. आमच्या चुकीमुळे त्यांचा दिवसभराचा डेटा पुन्हा भरावा लागणार होता. त्यांचं म्हणणं खरं होतं, नुकसान खरं होतं, आवाजात रडवेलेपण होतं. मी योग्य तीच वाक्यं योग्य त्या क्रमाने बोलत होते, आणि आत काहीही हलत नव्हतं. फोन ठेवल्यावर मला त्या माणसाची नाही, माझी भीती वाटली. मी अशी नव्हते.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये आजारांच्या नव्या वर्गीकरणात ‘बर्नआउट’ची व्याख्या दिली. त्यांनी त्याला आजार म्हटलेलं नाही, कामाशी निगडित अवस्था म्हटलं आहे. तिची तीन लक्षणं सांगितली आहेत : शक्ती संपल्यासारखं वाटणं, कामापासून मनाने दूर जाणं किंवा त्याबद्दल कडवटपणा येणं, आणि आपल्या हातून काम नीट होत नाही असं वाटणं. तिसरं माझ्यात नव्हतं. पहिलं होतं, पण ते मी आळस म्हणून खपवलं होतं. दुसरं वाचलं आणि तो फोन आठवला.

त्या आठवड्यात मी नवं वेळापत्रक केलं नाही. एक साधी वही घेतली आणि सहा आठवडे एवढंच लिहिलं : काय केलं, किती वेळ केलं, आणि उठताना कशी होते. शेवटच्या रकान्यात फक्त अधिक, उणे किंवा शून्य. कारण लिहायचं नाही, असं ठरवलं होतं. कारण लिहायला लागले की मी स्वतःची वकिली करायला लागते, हे मला माहीत होतं.

सहा आठवड्यांनी पानं उलटली तर उण्यांचा ढीग होता, ते अपेक्षितच होतं. पण उणं कुठे होतं, ते बघण्यासारखं होतं. अवघड फोननंतर नेहमी उणं नव्हतं. दहा-दहा मिनिटांनी तोडलेल्या दुपारनंतर मात्र हटकून होतं, त्या दुपारी सगळे फोन गोड झाले असले तरीही. म्हणजे मला माणसांचा त्रास नव्हता. एका गोष्टीत मन घालायचं, ते अर्धवट उपटायचं, दुसऱ्यात घालायचं, याचा होता. कामाच्या मानसशास्त्रात याला ‘अटेन्शन रेसिड्यू’, म्हणजे मागे रेंगाळलेलं लक्ष, असं नाव आहे. सोफी लेरॉय यांनी २००९ च्या शोधनिबंधात दाखवलं की एक काम सोडून दुसऱ्याकडे वळताना लक्षाचा काही भाग आधीच्या कामापाशीच रेंगाळतो, विशेषतः ते काम अपुरं राहिलं असेल तर. काहींना हे रेंगाळणं सोसतं. माझ्या शेजारच्या टेबलावरची सहकारी अशा दिवसानंतर खुलून घरी जायची. काम तेच होतं, पगारही जवळपास तोच, स्वभाव वेगळा.

आणि अधिकची चिन्हं? सहा आठवड्यांत अकरा. त्यांतली आठ एकाच प्रकारची निघाली. ग्राहकाकडे सॉफ्टवेअर जायच्या आधी मी स्वतःच्या समाधानासाठी एकदा सगळ्या स्क्रीन तपासून बघायचे. ते माझं काम नव्हतं. त्यासाठी वेगळी टेस्टिंग टीम होती. तरी मी ते संध्याकाळी उशिरा, सगळे गेल्यावर करायचे.

त्यातला एक प्रसंग सांगते. सभासदत्वाचा फॉर्म होता. नोंदणीची तारीख टाकली की पुढच्या वर्षीची नूतनीकरणाची तारीख आपोआप यायची. मी दहा-बारा तारखा टाकून बघितल्या, सगळं बरोबर. मग सहज २९ फेब्रुवारी २०२४ टाकली. नूतनीकरणाचा रकाना रिकामाच राहिला. त्या कोडने फक्त सालात एक मिळवला होता, आणि २९ फेब्रुवारी २०२५ अशी तारीखच नाही. आता नोंदणी त्या दिवशी करणारा माणूस यादीतून कायमचा गळणार होता, आणि कुणाला कळणारही नव्हतं. मग मी पुढे जात राहिले. २००० हे लीप वर्ष होतं, १९०० नव्हतं, २१०० नसेल, कारण शतकाच्या वर्षाला ४०० ने भाग जावा लागतो. हे सगळं टाकून बघता बघता रात्रीचे साडेनऊ वाजले. वहीत त्या दिवशी दोन अधिक काढलेत, एकाला एक चिकटून.

इथे आवड आणि स्वभाव यांत गल्लत करू नये असं मला फार वाटतं. ‘तुला काय आवडतं?’ असं कुणी मला तेव्हा विचारलं असतं तर मी ‘टेस्टिंग’ म्हटलं नसतं. मी संगीत म्हटलं असतं, प्रवास म्हटलं असतं. आवड बहुतेक वेळा फळाची असते : मैफल, पोचलेलं गाव, छापून आलेलं नाव. पण नोकरीत फळ महिन्यातून एकदा दिसतं. बाकीचे दिवस नुसते कामाच्या पोतात जातात. किती वेळा अडथळा येतो, एकटं किती बसायचं, बरोबर-चूक लगेच कळतं की सहा महिन्यांनी, बोलणं जास्त की लिहिणं. दिवसाचा हा पोत स्वभावाला रुचला नाही तर आवडही तिथे टिकत नाही.

मी रीतसर चाचणीही दिली. जॉन हॉलंड या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९५९ पासून मांडलेल्या पद्धतीवर आधारलेली ती होती. त्यात माणसांचे आणि कामांचे सहा प्रकार धरतात : हाताने करायचं, शोध घ्यायचं, कलेचं, लोकांना मदतीचं, पटवून देण्याचं आणि नीट लावून ठेवण्याचं. माझे शोध घेणं आणि नीट लावणं हे दोन वर आले, पटवून देणं सगळ्यात खाली. सात वर्षं मी त्या तळाच्या खणात बसले होते. चाचणीने मला नोकरी सांगितली नाही, आणि ती सांगेल अशी अपेक्षाही ठेवू नये. पण जे मी ‘मला शिस्त नाही’ असं म्हणत होते, त्याला तिने ‘तुझी बाजू वेगळी आहे’ असे शब्द दिले. त्याचा उपयोग झाला.

खरा उपयोग झाला तो तीन टेस्टरांशी बोलून. पहिल्याला मी ‘काम कसं वाटतं?’ असं विचारलं आणि ‘छान आहे, शिकायला मिळतं’ असं उत्तर आलं. त्यातून काहीच कळत नाही. मग बाकीच्या दोघींना विचारलं, ‘काल सकाळपासून काय काय केलंत, क्रमाने सांगाल?’ एकीचा कालचा दिवस पाच मीटिंगांचा होता. हुद्दा टेस्टरचाच, पण तो दिवस माझ्याच तेव्हाच्या दिवसांसारखा. दुसरीने सकाळभर एका फॉर्मच्या कडा तपासल्या होत्या. वयाची अट १८ ते ६० असेल तर ३५ टाकून काही कळत नाही, १७, १८, ६० आणि ६१ टाकायचे, कारण चुका कडेला राहतात. ती हे सांगत होती आणि मला उठून वही आणावीशी वाटत होती. कामाचं नाव ऐकून निर्णय घेऊ नका, कालचा दिवस ऐकून घ्या, हे मी आता विचारणाऱ्या प्रत्येकाला सांगते.

आमच्या टेस्टिंग टीमच्या प्रमुख मॅडमकडे मी गेले. म्हटलं, ‘मॅडम, मला एखादं मॉड्यूल तपासायला द्याल का? माझं काम सांभाळून करीन.’

त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. ‘कंटाळलीस म्हणून पळून येतेयस का इकडे?’

‘थकलेय. कंटाळले नाहीये.’

‘फरक काय?’

मी म्हटलं, ‘कंटाळा आला तर झोप काढून बरं वाटतं. हे झोपून जात नाही.’

त्यांनी एक लहान मॉड्यूल, म्हणजे सॉफ्टवेअरचा एक भाग, दिलं आणि बजावलं, ‘हेही रटाळ आहे बरं का. तेच तेच शंभरदा तपासावं लागतं.’ त्यांचं म्हणणं तंतोतंत खरं निघालं. प्रत्येक रिलीजच्या, म्हणजे नवी आवृत्ती ग्राहकाकडे जाण्याच्या, आधी जुनं सगळं पुन्हा तपासायचं, याला रिग्रेशन म्हणतात, आणि तिसऱ्या दिवशी त्यात डोळे मिटायला लागतात. पण तो कंटाळा घरी येत नाही. ऑफिसातच राहतो.

आता टेस्टिंग शिकायचं होतं, आणि इथे माझा जुना प्रश्न पुन्हा समोर उभा राहिला. या वेळी मी पहाटे पाच लिहिलं नाही. स्वतःला विचारलं, माझा सगळ्यात वाईट दिवस कसा असतो? दोन एस्कलेशन, म्हणजे थेट वरिष्ठांपर्यंत गेलेल्या तक्रारी, डोकं दुखतंय, घरी यायला नऊ. त्या दिवशीही काय होईल? पंचवीस मिनिटं. तेवढंच ठरवलं. चांगल्या दिवशी जास्त झालं तर होऊ दे, पण हिशेब पंचवीसचाच. आधीची सगळी वेळापत्रकं मी उत्साहाच्या दिवशी, उत्साहाच्या मापाने शिवलेली होती. वाईट दिवशी ती अंगाला बसणार कशी?

लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ जणांच्या नव्या सवयींचा बारा आठवडे मागोवा घेतला होता. तो अभ्यास २०१० मध्ये छापून आला. सवय अंगवळणी पडायला लागलेल्या दिवसांची मध्यगा ६६ होती, म्हणजे निम्म्यांना त्याहून कमी दिवस लागले, निम्म्यांना जास्त; पण माणसामाणसांतला फरक प्रचंड होता, १८ दिवसांपासून अंदाजे २५४ दिवसांपर्यंत. मला धीर आला तो त्यांच्या दुसऱ्या निरीक्षणाने : मधला एखादा दिवस चुकला तरी सवय लागण्यात फारसा फरक पडला नाही. मी वर्षानुवर्षं एका चुकलेल्या चौकोनासाठी अख्खी वही बंद करत आले होते.

म्हणून या वहीच्या पहिल्याच पानावर मी खंड पडल्यावर काय करायचं ते लिहिलं. पीटर गॉलविट्झर या मानसशास्त्रज्ञाच्या कामात ‘अमुक झालं तर मी तमुक करीन’ अशा ठरावाचं महत्त्व वाचलं होतं, तसंच लिहिलं : ‘खंड पडला तर परत येण्याच्या दिवशी फक्त मागच्या टेस्ट केस वाचायच्या. नवीन काही करायचं नाही. राहिलेले दिवस भरून काढायचे नाहीत.’ टेस्ट केस म्हणजे काय टाकून बघायचं आणि काय यायला हवं, याची नोंद.

ते पान दोन महिन्यांनी लागलं. बाबांचं ऑपरेशन झालं. नऊ दिवस मी दवाखान्यात होते, वहीची आठवणही नव्हती. दहाव्या रात्री बाबा घरी येऊन झोपले होते. मी वही काढली. जुनी सवय उसळून आली : नऊ गुणिले पंचवीस, म्हणजे पावणेचार तास देणं लागते. मग पहिलं पान उघडलं. माझ्याच अक्षरात लिहिलेलं होतं, भरून काढायचं नाही. मागच्या टेस्ट केस वाचल्या, पंचवीस मिनिटं झाली, दिवा मालवला. आयुष्यात पहिल्यांदा माझी शिस्त मोडून पुन्हा जुळली होती, आणि मी स्वतःला एक शब्दही बोलले नव्हते.

सव्वा वर्षाने रीतसर बदली झाली. पगारवाढ एक वर्ष थांबली, आणि जिला मी काम शिकवलं होतं ती माझ्या आधी वरच्या हुद्द्यावर गेली. त्याचं वाईट वाटलं. घरात यावरून बोलणीही झाली. आई म्हणाली, ‘लोक वर चढतात, तू खाली उतरतेयस.’ तिला काय सांगावं ते कळेना, म्हणून वही दाखवली. तिने पानं उलटली आणि विचारलं, ‘ही उण्याची चिन्हं म्हणजे काय गं?’ मी सांगितलं. ती बराच वेळ त्या पानांवरून बोट फिरवत राहिली.

सगळ्यांना असं सरकता येत नाही, याची मला जाणीव आहे. हप्ते असतात, लहान मुलं असतात. एमी रझेस्नियेव्हस्की आणि जेन डटन यांनी २००१ मध्ये लिहिलं होतं की माणसं हुद्दा न बदलताही कामाचा आकार बदलतात. त्यांच्या उदाहरणांत रुग्णालयातले सफाई कर्मचारी आहेत, ज्यांच्यातले काही रुग्णाला धीर देणं हाही आपल्या कामाचा भाग मानायचे. मीही बदलीच्या आधीचं सव्वा वर्ष तेच केलं. सकाळचे दोन तास फोन न घेण्याची परवानगी मागितली आणि ती सहज मिळाली. इतकी वर्षं मी मागितलीच नव्हती. नुसत्या त्या दोन तासांनी उण्यांची संख्या जवळपास निम्म्यावर आली.

बदलीनंतर सगळं सुरळीत झालं असं नाही. एक नवीनच अडचण आली. काम आवडायला लागलं तेव्हा मी थांबेना. सलग अकरा तास बसायचे, पुढचे दोन दिवस डोकं बधिर. नावडत्या कामाने मी थकत होते ते वेगळं, पण आवडतं कामही माणसाला संपवू शकतं, हे मला माहीत नव्हतं. किमान मर्यादा होती, कमाल ठरवलीच नव्हती.

अँडर्स एरिक्सन यांच्या १९९३ च्या अभ्यासात बर्लिनच्या संगीत अकादमीतले सर्वांत चांगले व्हायोलिनवादक रोज साधारण साडेतीन तास एकट्याने रियाज करायचे, तोही तुकड्या-तुकड्यांत, आणि दुपारी झोप काढायचे. गणितज्ञ आंरी प्वँकारे सकाळी दहा ते बारा आणि संध्याकाळी पाच ते सात असं चारच तास काम करत. नोकरीत चार तास करून घरी जाता येत नाही. पण जिथे सगळं लक्ष ओतावं लागतं, ते काम मी दिवसाला चार तासांवर नेत नाही. बाकीच्या वेळात अहवाल, मेल, जुन्या नोंदी, मीटिंगा. किमान पाळण्यापेक्षा ही कमाल मर्यादा पाळणं मला कितीतरी जड जातं. किमान पाळायला नेटाने बसावं लागतं, कमाल पाळायला रंगात आलेलं असताना उठावं लागतं.

उठणं सोपं व्हावं म्हणून एक युक्ती सापडली. काम सोडताना पुढची पायरी एका ओळीत लिहायची, म्हणजे मन तिथे रेंगाळत नाही. मागच्या महिन्यात दोनदा मी मर्यादा मोडली, दोन्ही वेळा ती ओळ लिहायचा कंटाळा केला होता.

काल मात्र उठले. एका पेन्शनच्या फॉर्मवर होते, वय मोजण्याच्या हिशेबात काहीतरी खोट आहे असा वास येत होता, अजून सापडली नव्हती. चार तास झाले होते. हात की-बोर्डवरून निघत नव्हता. मग वही ओढली आणि लिहिलं : ‘उद्या इथून. वाढदिवसाच्या आदल्या दिवशी ५९ दाखवतंय का बघायचं. मग ६०, मग ६१.’ शेवटच्या रकान्यात अधिक काढला आणि स्क्रीन बंद केली.